फॅटी अल्डिहाइडचे अल्केन करणाऱ्या सायनोबॅक्टेरियातील एन्झाइमची क्रिया प्रयोगशाळेत कशी तपासावी

सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणत आलो ते प्रकाशसंश्लेषी जीवाणू, आपल्या पेशींत पेंटाडेकेन आणि हेप्टाडेकेन यांसारखी डिझेलच्या जातीची हायड्रोकार्बने थोड्या प्रमाणात तयार करतात. हे काम कोणती जनुके करतात याचा उलगडा २०१० साली कॅलिफोर्नियातील एलएस९ या कंपनीच्या संशोधकांनी केला. अल्केन तयार करणाऱ्या सायनोबॅक्टेरियांच्या जनुकसंचांची त्यांनी अल्केन तयार न करणाऱ्या एका प्रजातीच्या जनुकसंचाशी तुलना केली आणि पहिल्या गटात सर्वत्र आढळणारी पण दुसरीकडे नसलेली जनुके वेगळी काढली. त्यातून दोन एन्झाइमे हाती लागली. पहिले एन्झाइम वाहक प्रथिनाला जोडलेल्या मेदाम्लाचे क्षपण करून फॅटी अल्डिहाइड बनवते आणि दुसरे त्या अल्डिहाइडमधील टोकाचा कार्बन काढून टाकून एक कार्बनने आखूड असलेले अल्केन मागे ठेवते. हा लेख दुसऱ्या एन्झाइमविषयी आहे. आज त्याला अल्डिहाइड डिफॉर्मिलेटिंग ऑक्सिजनेज, थोडक्यात एडीओ, म्हणतात. जैवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत त्याची क्रिया विश्वासार्ह रीतीने कशी मोजता येईल, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हे एन्झाइम विलक्षण संथ आहे. प्रयोगशाळेतील नेहमीच्या परिस्थितीत त्याचा एक रेणू मिनिटाला जेमतेम एक अल्डिहाइड रूपांतरित करतो, आणि बरेचदा तेवढेही नाही. त्यामुळे गॅस क्रोमॅटोग्राफवर हेप्टाडेकेनचे शिखर दिसले की क्रिया सिद्ध झाली, असे मानण्याची घाई येथे महागात पडते. क्रिया अल्प आणि पार्श्वभूमीवरील अल्केनांचे प्रदूषण सहज होणारे, अशा स्थितीत प्रयोगाचे खरे वजन कंट्रोल नमुन्यांवर, म्हणजे एखादा घटक मुद्दाम वगळून चालवलेल्या तुलनेच्या नमुन्यांवर, आणि इलेक्ट्रॉन व ऑक्सिजन यांच्या हिशेबावर असते.

या हिशेबाला इतिहासही आहे. कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असावा या समजुतीने या एन्झाइमला आधी डिकार्बोनिलेज म्हटले गेले होते. २०११ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत स्क्वायर बुकर यांच्या आणि मिशिगन विद्यापीठात नील मार्श यांच्या गटाने दाखवले की सुटणारा कार्बन फॉर्मेटच्या रूपात बाहेर येतो. ऑक्सिजनविषयी मात्र मतभेद राहिला, कारण मिशिगनच्या गटाला ऑक्सिजन वगळूनही क्रिया होताना दिसत होती. त्यानंतरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले की ही क्रिया उरलेल्या अत्यल्प ऑक्सिजनमुळे होत होती आणि ऑक्सिजनचा रेणू अभिक्रियेसाठी अपरिहार्य आहे. म्हणजे एक अल्डिहाइड, एक ऑक्सिजन रेणू आणि चार इलेक्ट्रॉन आत जातात, आणि एक अल्केन, एक फॉर्मेट आणि एक पाण्याचा रेणू बाहेर येतात. अल्डिहाइडचे अल्केन होताना वरवर पाहता कसलेही ऑक्सिडीकरण दिसत नाही, तरीही चार इलेक्ट्रॉन खर्ची पडतात, हे या अभिक्रियेचे वैचित्र्य आहे, आणि प्रयोगाची मांडणी त्यावरच उभी राहते.

एन्झाइमची तयारी

एडीओ हे सुमारे २७ किलोडाल्टनचे लहान, विद्राव्य प्रथिन आहे. त्याची घडण फेरिटिनसारखी, आठ सर्पिल पट्ट्यांची असून मध्यभागी दोन लोह अणू दोन हिस्टिडिन आणि चार ग्लुटामेट यांनी धरून ठेवलेले असतात. प्रोक्लोरोकॉकस मरीनस एमआयटी९३१३ या सागरी प्रजातीच्या एडीओची स्फटिकरचना त्याचे कार्य कळण्यापूर्वीच सार्वजनिक संग्रहात दाखल झालेली होती. अभ्यासासाठी बहुतेक प्रयोगशाळा हेच प्रथिन किंवा सायनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी७९४२ मधील प्रथिन निवडतात. जनुक ई. कोलायच्या कोडॉनला अनुकूल करून, हिस्टिडिन टॅगसह, बीएल२१ (डीई३) या प्रकारात नेहमीच्या पद्धतीने व्यक्त करावे. वाढीच्या माध्यमात फेरस अमोनियम सल्फेट घालावे आणि प्रेरणेनंतर तापमान कमी ठेवावे.

निकेल स्तंभावरील शुद्धीकरण सोपे आहे, परंतु खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. स्तंभातून उतरलेल्या प्रथिनात लोह अपुरे असते आणि थोडे निकेल किंवा जस्त लोहाच्या जागी बसलेले असू शकते. म्हणून प्रथिन आधी ईडीटीए, म्हणजे धातूंना बांधून घेणारे संयुग, असलेल्या बफरमध्ये डायलिसिसला लावावे, मग ईडीटीए पूर्णपणे काढून टाकावे, आणि त्यानंतर नायट्रोजनच्या वातावरणात प्रत्येक प्रथिन रेणूमागे दोन ते अडीच लोह अणू होतील एवढे ताजे फेरस अमोनियम सल्फेट हळूहळू मिसळावे. फेरसचे द्रावण त्याच दिवशी, ऑक्सिजन काढलेल्या किंचित आम्लधर्मी पाण्यात बनवावे. कालचे, तांबूस छटा आलेले द्रावण वापरणे म्हणजे फेरिक लोह घालणे होय आणि ते जागेवर बसत नाही.

काही प्रकाशित पद्धतींत जादा फेरस तसेच अभिक्रियेत राहू देतात. माझ्या मते ते टाळावे. अभिक्रियेत पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि मुक्त फेरस व पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होऊन प्रथिनाची व अल्डिहाइडची नासधूस होते. प्रथिन लहान डीसॉल्टिंग स्तंभातून काढले की जादा लोह मागे राहते. त्यानंतर फेरोझीन पद्धतीने लोह मोजावे. प्रथिन आम्लाने विघटित करून, अ‍ॅस्कॉर्बेटने सर्व लोह फेरस अवस्थेत आणून फेरोझीन घातले की जांभळट रंग येतो. तो ५६२ नॅनोमीटरवर, २७,९०० हा मोलर शोषणांक धरून मोजता येतो. प्रति प्रथिन दीडपेक्षा कमी लोह आले तर पुढे न जाता लोहभरणी पुन्हा करणे वेळ वाचवणारे ठरते.

अल्डिहाइडचा प्रश्न

ऑक्टाडेकेनाल, म्हणजे १८ कार्बनचे अल्डिहाइड, हे सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य आहे आणि त्यापासून १७ कार्बनचे हेप्टाडेकेन मिळते. ते तयार स्वरूपात घेण्यापेक्षा ऑक्टाडेकेनॉलपासून स्वतः बनवणे मला अधिक भरवशाचे वाटते. स्टिअरिल अल्कोहोल या नावाने क्रीम-लोशनांत पडते तेच हे ऑक्टाडेकेनॉल, त्यामुळे ते स्वस्त व शुद्ध मिळते. पिरिडिनियम क्लोरोक्रोमेटने त्याचे ऑक्सिडीकरण होते, मात्र त्यात षट्संयुजी क्रोमियम असल्याने हातमोजे, धूर-कपाट आणि टाकाऊ द्रव्याची वेगळी बाटली यांत हयगय करू नये. डेस-मार्टिन अभिकर्मक वापरल्यास हा प्रश्न उरत नाही. उत्पादनाची शुद्धता प्रोटॉन एनएमआरवर पाहावी. अल्डिहाइडच्या हायड्रोजनचे त्रिशिखर ९.७६ पीपीएमच्या आसपास येते. हवेत उघडे राहिलेले अल्डिहाइड हळूहळू मेदाम्लात बदलते, म्हणून आर्गॉनखाली, लहान कुप्यांत वाटून, उणे २० अंशांवर ठेवावे आणि एकदा उघडलेली कुपी परत साठवू नये.

ऑक्टाडेकेनाल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकातील द्रावणातून ते अभिक्रियेत घालावे, डीएमएसओचे अंतिम प्रमाण पाच टक्क्यांच्या आत ठेवावे, आणि हे भान ठेवावे की ३०० मायक्रोमोलर असे वहीत लिहिले तरी प्रत्यक्षात द्रावणात सूक्ष्म थेंब आणि कण तरंगत असतात. याच कारणासाठी या द्रव्याच्या संहतीवर आधारलेले मायकेलिस स्थिरांक, म्हणजे एन्झाइम निम्म्या कमाल वेगाने चालते ती संहती, मी सावधपणे वाचतो. नुसती क्रिया आहे की नाही हे पाहण्यासाठी ही अडचण आड येत नाही, पण निरनिराळ्या उत्परिवर्तित एन्झाइमांची तुलना करायची असेल तर ते द्रव्य प्रत्येक नळीत सारख्याच पद्धतीने, सारख्याच वेगाने ढवळत घालणे आवश्यक आहे.

अभिक्रियेची मांडणी आणि तिचा हिशेब

१०० मिलिमोलर हेपेस बफर, पीएच ७.२, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १० टक्के ग्लिसरॉल हे मिश्रण चांगले काम देते. अभिक्रिया अर्धा मिलिलीटरची करावी. तीत एन्झाइम २० मायक्रोमोलर, म्हणजे मिलिलीटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडे अधिक, आणि ऑक्टाडेकेनाल ३०० मायक्रोमोलर ठेवावे. तापमान ३७ अंश असावे. बुचाच्या १० मिलिलीटर काचेच्या कुपीत अभिक्रिया सतत हलवत ठेवावी.

राहिले ते इलेक्ट्रॉन. पेशीत ते फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनाकडून येतात. प्रयोगशाळेत दोन मार्ग आहेत. पहिल्यात फेरेडॉक्सिन, फेरेडॉक्सिन रिडक्टेज आणि इलेक्ट्रॉन पुरवणारे एनएडीपीएच वापरतात. हा मार्ग निसर्गाच्या जवळचा आहे, पण आणखी दोन प्रथिने शुद्ध करावी लागतात. दुसऱ्यात इलेक्ट्रॉन पुरवणारे एनएडीएच आणि ते पुढे पोचवणारे फेनाझिन मेथोसल्फेट, म्हणजे पीएमएस, हे पिवळे रंगद्रव्य वापरतात. पहिल्या प्रयोगासाठी दुसरा मार्ग घ्यावा, कारण त्यात काय बिघडले हे शोधणे सोपे जाते. एनएडीएच ७५० मायक्रोमोलर आणि पीएमएस ७५ मायक्रोमोलर पुरते. पीएमएस प्रकाशात खराब होते, म्हणून द्रावणाची नळी अल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवावी. ते विषारी असल्याने त्वचेला लागू देऊ नये.

आता आकडे मांडून पाहू. अर्ध्या मिलिलीटरमध्ये एन्झाइमचे १० नॅनोमोल आहेत. मिनिटाला अर्धा फेरा हा वेग धरला तर दहा मिनिटांत ५० नॅनोमोल, म्हणजे सुमारे १२ मायक्रोग्रॅम, हेप्टाडेकेन तयार होईल. प्रत्येक फेऱ्याला चार इलेक्ट्रॉन लागतात आणि एनएडीएचचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून यासाठी १०० नॅनोमोल एनएडीएच लागेल. आपण ३७५ नॅनोमोल घातले आहे. कागदावर हे भरपूर दिसते. प्रत्यक्षात क्षपित झालेले पीएमएस एन्झाइमची वाट न पाहता थेट ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देते, एनएडीएच वाया जाते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साचते. हे पेरॉक्साइड एडीओला रोखते. ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन शँक्लिन यांच्या गटाने २०१३ साली ही गोष्ट दाखवून कॅटालेज हे एन्झाइम एडीओला जोडूनच टाकले. कॅटालेज पेरॉक्साइडचे विघटन करते आणि त्यातून सुटणारा ऑक्सिजन पुन्हा अभिक्रियेच्या कामी येतो. आपल्याला जोडणीची गरज नाही, बाजारातील गोजातीय यकृताचे कॅटालेज अभिक्रियेत थोडे घातले तरी पुरते. मात्र ते ज्या नमुन्यांत घालायचे त्यांच्या कंट्रोलमध्येही तेवढेच घालावे.

ऑक्सिजनचाही हिशेब असाच आहे. हवेने संपृक्त झालेल्या पाण्यात ३७ अंशांना सुमारे २०० मायक्रोमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो, म्हणजे आपल्या अर्ध्या मिलिलीटरमध्ये जेमतेम १०० नॅनोमोल. यातला मोठा वाटा पीएमएसच खाऊन टाकते. कुपीतील मोकळ्या हवेत मात्र ऑक्सिजनचे दहा-वीस नव्हे तर ऐंशीच्या आसपास मायक्रोमोल असतात, म्हणून कुपी मोठी असणे आणि ती हलत राहणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. काठोकाठ भरलेल्या, स्थिर ठेवलेल्या छोट्या नळीत हीच अभिक्रिया काही मिनिटांत थंडावते आणि मग दोष एन्झाइमला दिला जातो.

सर्व घटक एकत्र करून शेवटी एनएडीएच घालावे, तोच शून्य मिनिट धरावा. २, ५, १० आणि २० मिनिटांसाठी वेगवेगळ्या कुप्या ठेवाव्यात, एकाच कुपीतून नमुने काढू नयेत, कारण अल्डिहाइडचे थेंब काचेला चिकटतात आणि काढलेला भाग सगळ्या मिश्रणाचे प्रतिनिधित्व करत नाही.

निष्कर्षण आणि शिखरांचे वाचन

ठरलेल्या वेळी कुपीतच अर्धा मिलिलीटर इथिल अ‍ॅसिटेट घालून जोराने हलवावे. त्याने अभिक्रियाही थांबते आणि निष्कर्षणही होते. या इथिल अ‍ॅसिटेटमध्ये आधीच अंतर्गत मानक म्हणून टेट्राकोसेन, म्हणजे २४ कार्बनचे अल्केन, ठराविक प्रमाणात मिसळलेले असावे. अनेक जण २० कार्बनचे आयकोसेन घेतात, परंतु नेहमीच्या अध्रुवीय स्तंभावर ते ऑक्टाडेकेनालच्या अगदी जवळ उतरते, आणि उरलेले अल्डिहाइड नेहमीच पुष्कळ असते. सेंट्रिफ्यूज करून वरचा थर काचेच्या पिपेटने काढावा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवावा आणि थेट जीसी-एमएसवर, म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक जोडलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, द्यावा. नायट्रोजनच्या झोताखाली आटवून तीव्र करण्याचा मोह टाळावा. हेप्टाडेकेन त्यात कदाचित टिकेल, त्याहून आखूड अल्केने मात्र उडून जातात.

पाच टक्के फेनिल असलेला ३० मीटरचा स्तंभ, ८० अंशांपासून मिनिटाला १० ते १५ अंशांच्या वेगाने ३०० अंशांपर्यंत तापमान, एवढी मांडणी पुरेशी आहे. हेप्टाडेकेन प्रथम उतरते, मग ऑक्टाडेकेनाल आणि त्यानंतर थोडे ऑक्टाडेकेनॉल दिसू शकते. हेप्टाडेकेनच्या वस्तुमान-वर्णपटात ५७, ७१, ८५ अशी १४-१४ च्या अंतराने उतरत जाणारी शिडी आणि २४० वर लहानसा रेणू-आयन दिसतो. ही शिडी प्रत्येक लांब अल्केनची सारखीच असते, म्हणून ओळख पटवताना तिच्यावर विसंबू नये. २४० चा आयन आणि शुद्ध हेप्टाडेकेनशी तंतोतंत जुळणारी उतरण्याची वेळ, ही दोन्ही हवीत.

प्रदूषणाविषयी येथे जरा थांबून सांगतो, कारण या प्रयोगात सर्वाधिक फसगत तिथे होते. कुपीचे तोंड बंद करायला आपण सर्रास वापरतो ते पॅराफिल्म मेणापासूनच बनलेले असते आणि इथिल अ‍ॅसिटेटची नुसती वाफ लागली तरी त्यातून अल्केने उतरतात. व्हॅक्यूम पंपाचे तेल, सांध्यांना लावलेले ग्रीस आणि प्लास्टिकच्या नळ्या यांचेही तसेच. पडताळणीचा एक चांगला मार्ग उपलब्ध आहे. खनिज मेणातून येणारी अल्केने सलग मालिकेने येतात, सम आणि विषम कार्बनसंख्येची शिखरे एकमेकांना लागून असतात. एडीओने केलेल्या रूपांतरातून मात्र १८ कार्बनच्या अल्डिहाइडपासून फक्त १७ कार्बनचे अल्केन मिळते. तेव्हा हेप्टाडेकेनच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना हेक्साडेकेन आणि ऑक्टाडेकेन यांच्या जागा तपासाव्यात. तिथेही शिखरे असतील, तर त्या दिवसाची मोजमापे बाजूला ठेवून काचसामान पुन्हा धुवावे. पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची बुचे आणि फक्त काचेची साधने वापरली की हा त्रास बहुतांशी संपतो.

कंट्रोल आणि त्यांचा अर्थ

एन्झाइमविना, अल्डिहाइडविना, एनएडीएचविना, पीएमएसविना आणि उकळलेल्या एन्झाइमसह, असे नमुने दर वेळी पूर्ण अभिक्रियेबरोबरच चालवावेत. यातला एनएडीएच नसलेला कंट्रोल सर्वांत बोलका असतो. शुद्ध केलेल्या एन्झाइममध्ये लोह फेरस अवस्थेत असेल, तर बाहेरून इलेक्ट्रॉन न देताही थोडे अल्केन दिसू शकते, मात्र ते एन्झाइमच्या प्रमाणाच्या पलीकडे जात नाही. २० मायक्रोमोलर एन्झाइमने एनएडीएचविना शंभर मायक्रोमोलर हेप्टाडेकेन दिले, तर ते एन्झाइमचे काम नव्हे, कुठेतरी अल्केन बाहेरून येते आहे.

ऑक्सिजनविना चालवलेला नमुना अवश्य ठेवावा, परंतु त्यात क्रिया पूर्ण शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ग्लोव्हबॉक्समध्येही, म्हणजे हवा बाहेर ठेवणाऱ्या बंद पेटीतही, प्रत्येक द्रावणातून, विशेषतः डीएमएसओमधून, थोडा ऑक्सिजन आत येतो आणि वर सांगितलेला इतिहासातील मतभेद नेमका याच फटीतून निर्माण झाला होता. ऑक्सिजन कमी करत गेल्यावर उत्पादन त्या प्रमाणात घटते का, हे पाहणे एका कोऱ्या शून्यापेक्षा अधिक पटणारे असते.

फॉर्मेट मोजल्याशिवाय क्रिया पूर्ण सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. फॉर्मेट डीहायड्रोजनेज वापरून ३४० नॅनोमीटरवर एनएडीएचची वाढ मोजणे सोपे असले तरी आपल्या मिश्रणात एनएडीएच आधीपासूनच असल्याने ती पद्धत येथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी फॉर्मेट २-नायट्रोफेनिलहायड्राझिनशी जोडून एलसी-एमएसवर मोजावे. बफर, काच आणि हवा यांतून येणारे पार्श्वभूमीचे फॉर्मेट प्रत्येक वेळी वजा करावे लागते. वजाबाकीनंतर अल्केन आणि फॉर्मेट यांचे गुणोत्तर एकास एकच्या जवळ आले पाहिजे.

सोय असेल तर समस्थानिकांचे दोन प्रयोग फार काही सांगून जातात. अभिक्रिया जड पाण्यात चालवली की हेप्टाडेकेनचा रेणू-आयन २४० वरून २४१ वर सरकतो, कारण अल्केनच्या टोकाचा नवा हायड्रोजन पाण्याकडून येतो, तर अल्डिहाइडचा स्वतःचा हायड्रोजन फॉर्मेटबरोबर जातो. ऑक्सिजन-१८ वायू वापरला तर फॉर्मेटमधील दोन ऑक्सिजन अणूंपैकी एक जड निघतो. पहिला प्रयोग तुलनेने स्वस्त आहे, आणि बाहेरून आलेल्या मेणाचे हेप्टाडेकेन २४० वरच राहत असल्याने प्रदूषणाचा संशयही त्याने एका फटक्यात दूर होतो. मात्र प्रथिनाचे मूळ द्रावण साध्या पाण्यातले असेल तर त्याचे प्रमाण लक्षात घेऊनच २४० आणि २४१ यांची तुलना करावी.

आखूड अल्डिहाइडांवर काम करायचे असल्यास पद्धत थोडी बदलावी लागते. सात कार्बनच्या हेप्टानालपासून हेक्सेन मिळते. त्याचा उत्कलनबिंदू ६९ अंश आणि इथिल अ‍ॅसिटेटचा ७७, म्हणून निष्कर्षण न करता बंद कुपीतील वायूचाच नमुना जीसीवर द्यावा. अशा अल्डिहाइडांबरोबर अल्केनखेरीज एक कार्बनने आखूड असलेले अल्डिहाइड आणि अल्कोहोलही बनत असल्याचे आढळले आहे, तेव्हा अल्केन कमी दिसले म्हणून एन्झाइम निष्क्रिय आहे असे न मानता ही उत्पादनेही शोधावीत.

शुद्ध एन्झाइमवर हे सारे जुळून आल्यावरच दोन्ही जनुके एकत्र घेऊन ई. कोलायच्या जिवंत पेशींकडे वळावे. तिथे पहिले एन्झाइम अल्डिहाइड पुरवते, पण ई. कोलायची स्वतःची क्षपणकारी एन्झाइमे त्यातील बराचसा भाग अल्कोहोलमध्ये वळवतात, म्हणून निष्कर्षणात अल्कोहोलांची शिखरे ठळक दिसली तर नवल नाही. तयार झालेल्या अल्केनांचा मोठा भाग पेशींबाहेर माध्यमात आढळतो, त्यामुळे केवळ पेशींचा गोळा न काढता संपूर्ण संवर्धनाचे, चंचुपात्राच्या कडांना चिकटलेल्या थरासह, निष्कर्षण करावे.